उसाची ट्रॉली : ओढणारा हूक आणि थांबवणारा ब्रेक



उसाचा हंगाम सुरू झाला, की आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात ट्रॅक्टर दिसत नाही असा रस्ता सापडत नाही. शिरोळ-हातकणंगल्याची सपाट मळीची रानं असोत, नाहीतर राधानगरी, भुदरगड, पन्हाळा, गगनबावड्याचे चढउतार असोत, कारखान्याच्या काट्यापर्यंत पुष्कळसा ऊस पोचतो तो ट्रॅक्टर-ट्रॉलीनंच. ट्रॅक्टर घेताना आपण चार ठिकाणी चौकशी करतो. किती हॉर्सपॉवर, डिझेल किती खातो, सुटे भाग कुठं मिळतात, सगळं विचारतो. ट्रॉली मात्र जवळच्या वर्कशॉपात करायला टाकतो. तिचा हूक कसला आणि ब्रेक कसला, हे करणाऱ्यावर सोडून देतो. पुष्कळदा ब्रेकच नसतो.

ट्रॅक्टर किती ओढेल हे एंजिनावर ठरतं. भरलेली जोडी किती अंतरात थांबेल, हे मात्र ब्रेक असलेल्या चाकांवर किती वजन आहे यावर ठरतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. हूक आणि ब्रेक निवडताना ‘माझा ट्रॅक्टर किती ओढतो’ हा हिशेब उपयोगाचा नाही. ‘मला किती भार थांबवायचा आहे’ हा हिशेब धरावा. तो कसा करायचा, ते या पत्रकात पाहू.

आधी वजनाचा हिशेब

समजा, ट्रॅक्टर २ टनांचा आहे. मागे चार चाकी दोन ट्रॉल्या आहेत. ट्रॉलीचं स्वतःचं वजन आणि ऊस मिळून प्रत्येकी १० टन धरू. एकूण झाले २२ टन. ट्रॉल्यांना ब्रेक नसतील, तर हे २२ टन थांबवायचे ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांनी. त्या दोन चाकांवर वजन असतं साधारण १,३०० किलो. कोरड्या डांबरी रस्त्यावर टायर आपल्यावरच्या वजनाच्या सुमारे सहा दशांश इतकाच जोर जमिनीला धरून लावू शकतो. म्हणजे ब्रेकचा जोर झाला सुमारे ७८० किलो. रस्ता ओला किंवा चिखलानं माखलेला असेल, तर याच्या निम्मा धरा.

आता दर १५ मीटरला १ मीटर उतरणारा रस्ता घ्या. आपल्याकडे डोंगराच्या बाजूला असे उतार ठिकठिकाणी आहेत. या उतारावर २२ टनांची जोडी सुमारे १,४६० किलो जोरानं खाली ओढली जाते. चाकं फिरताना होणारा अडथळा त्यातला सुमारे ४४० किलो जोर खातो. उरले हजार किलोंच्या वर. त्यांना अडवायला आपल्याकडे आहेत ७८०. रस्ता कोरडा असला तरी ही जोडी ट्रॅक्टरला ढकलत नेणार. कितीही चांगला चालक बसवला तरी हा हिशेब बदलत नाही.

‘आम्ही खालच्या गिअरमध्ये उतरतो, एंजिन धरून ठेवतं,’ असं पुष्कळजण सांगतात. खालच्या गिअरमध्ये उतरणं बरोबरच आहे. पण एंजिनाचा रोधसुद्धा त्याच दोन टायरांतून जमिनीपर्यंत पोचतो. टायर घसरू लागले, की एंजिनही काही करू शकत नाही.

सपाट रस्त्यावरचं काय? वरचीच जोडी ताशी २० किलोमीटर वेगानं चालली आहे आणि समोर गुरू आडवं आलं. चालकाला दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो. तो धरला तर केवळ ट्रॅक्टरच्या ब्रेकवर ही जोडी थांबायला सुमारे ३४ मीटर लागतात. वेग ३० असेल तर ७० मीटरच्या वर. दोन्ही ट्रॉल्यांच्या चाकांना चांगले ब्रेक असतील, तर हीच अंतरं अनुक्रमे सुमारे ११ आणि २० मीटरवर येतात. शाळा सुटलेल्या गावातून जाताना या फरकाचा अर्थ काय होतो, हे वेगळं सांगायला नको.

हूक कुठं असावा?

बैलगाडी हाकणाऱ्याला हे लवकर कळेल. गाडीत मागे वजन जास्त झालं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. पुढे जास्त झालं की धुरजड होते, बैलांच्या मानेवर भार येतो. दोन चाकी ट्रॉलीचंही तसंच आहे. ऊस मागे जास्त भरला, तर ट्रॉली हूक वर उचलते आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटते. पुढे फार भरला, तर ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर वळत नाही. दोन चाकी ट्रॉलीच्या एकूण भाराचा दहापैकी एक ते दोन हिस्से भार हुकावर यावा, असा ऊस रचावा. चार चाकी ट्रॉलीचा भार तिच्याच चाकांवर असतो. तिची दांडी फक्त ओढते आणि ढकलते.

हुकाची उंची ही जिवाशी गाठ असलेली बाब आहे. ट्रॅक्टरचं एंजिन मागची चाकं पुढे फिरवतं. ती चाकं भारामुळे फिरेनात, तर ट्रॅक्टरचं धडच मागच्या ॲक्सलभोवती उलटं फिरू लागतं. म्हणजेच पुढची चाकं वर येतात. हूक जितका उंच, तितका ट्रॅक्टर लवकर उचलला जातो. पुढची चाकं उचलल्यापासून ट्रॅक्टर उताणा पडेपर्यंत सेकंद-दीड सेकंद लागतो. तेवढ्यात क्लच दाबायचं सुचतंच असं नाही. म्हणून ओढण्याची जागा नेहमी मागच्या ॲक्सलच्या मध्यापेक्षा खाली असावी. ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलून दाखवणं ही काही मर्दुमकी नव्हे. पुढे ठरवून दिलेली वजनं लावावीत आणि भार आवरावा.

आपल्याकडे ट्रॉली जोडण्याच्या तीन जागा दिसतात.

१. खालचा ड्रॉबार : ट्रॅक्टरच्या पोटाखालून मागे आलेली जाड पट्टी आणि तिच्या टोकाला पिन. ओढण्याच्या दृष्टीनं ही जागा चांगली, कारण ती खाली असते. चार चाकी ट्रॉलीला हिचा विचार आधी करावा.

२. मागच्या बाजूला पक्का बसवलेला हूक : ट्रॅक्टरच्या मागे बोल्टनं घट्ट केलेली चौकट आणि तिच्यात उभी पिन. दोन चाकी ट्रॉलीचा खाली येणारा भार हा हूक सोसतो. काहींची उंची भोकं बदलून कमीजास्त करता येते. ट्रॉली जोडल्यावर समपातळीत उभी राहील, अशी पण ॲक्सलच्या खालचीच उंची निवडावी. कंपनीच्या पुस्तकात या हुकावर किती भार चालतो ते दिलेलं असतं. तेवढाच द्यावा.

३. लिफ्टच्या दोन खालच्या हातांमध्ये बसवलेली भोकांची आडवी पट्टी : ही शेतातल्या हलक्या कामासाठी आहे. लिफ्ट वर-खाली झाली की हिची उंची बदलते, आणि हात बाजूला हलतात. उसानं भरलेली ट्रॉली या पट्टीला लावून रस्त्यावर आणू नये.

वरच्या तिसऱ्या हाताच्या जागी, म्हणजे टॉप लिंकला, साखळी किंवा ट्रॉली कधीही अडकवू नये.

पिन, रिंग आणि साखळी

दांडीच्या टोकाची रिंग आणि हुकातली पिन यांचा मेळ बसला पाहिजे. रिंग मोठी आणि पिन बारीक असली, की प्रत्येक धक्क्याला हातोडा मारल्यासारखा घाव बसतो. त्यानं पिन मधोमध झिजते. दर आठवड्याला पिन काढून पुसून पाहावी. जिथं रिंग बसते तिथं खाच पडली असेल, तर पिन बदलावी. सळईचा तुकडा, जुना बोल्ट किंवा पाना पिन म्हणून वापरू नये. पिनेला खालून कडी किंवा खिट्टी असलीच पाहिजे. ती नसली तर खड्ड्यात आदळून पिन वर उडते आणि ट्रॉली सुटते.

दांडीला तडा गेला, तर वाटेतल्या दुकानात वेल्डिंगचा टाका मारून खेप पुरी करू नये. ट्रॉली रिकामी करून, दांडी सोडून, जाणत्या कारागिराकडून दुरुस्त करून घ्यावी किंवा बदलावी.

दोन ट्रॉल्या जोडणाऱ्यांनी पहिल्या ट्रॉलीचा मागचा हूक नीट पाहावा. दुसऱ्या ट्रॉलीचा सगळा ओढा आणि रेटा त्यावर येतो. तो ट्रॉलीच्या लांबीच्या मुख्य चॅनलांना जोडलेला असावा. मागच्या आडव्या पत्र्याला किंवा एकट्या पट्टीला डकवलेला हूक भरवशाचा नाही.

शिवाय प्रत्येक जोडाला सुरक्षा साखळी लावावी. पिन तुटली तरी दांडी जमिनीत रुतू नये आणि ट्रॉली मोकळी पळू नये, हे तिचं काम. दोन साखळ्या दांडीखालून फुलीसारख्या आडव्या-तिडव्या घ्याव्यात. वळताना ताणणार नाहीत इतक्या सैल आणि रस्त्याला घासणार नाहीत इतक्या आखूड ठेवाव्यात. साखळी भरलेल्या ट्रॉलीच्या वजनाला टिकेल अशी घ्यावी. गुरं बांधायची साखळी इथं चालत नाही.

ब्रेक कोणता घ्यावा?

रेट्याचा ब्रेक : ट्रॅक्टर मंदावला की ट्रॉली पुढे रेटते. दांडीचा पुढचा भाग थोडा मागे सरकतो आणि लिव्हर ओढून ट्रॉलीचे ब्रेक लावतो. ट्रॅक्टरला काही जोडावं लागत नाही, त्यामुळे कोणत्याही ट्रॅक्टरमागे चालतो आणि स्वस्त पडतो. पण ट्रॉली रेटल्याशिवाय तो लागतच नाही. लांब उतारावर सतत लागून तापतो. मागे घेताना अडवण लावावी लागते, आणि ती काढायला माणूस विसरतो. युरोपात मोटारी आणि ट्रकमागे जोडायच्या गाड्यांना हा ब्रेक एकूण साडेतीन टनांपर्यंतच चालतो. आपणही तो हलक्या, एकेरी ट्रॉलीपुरताच ठेवावा. दहा टनांच्या उसाचं हे काम नव्हे.

तेलाचा ब्रेक : ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचं तेल एका व्हॉल्व्हमधून नळीनं ट्रॉलीच्या ब्रेकपर्यंत जातं. व्हॉल्व्ह ब्रेकच्या पेडलाला जोडलेला असतो, त्यामुळे पेडल जितकं दाबावं तितका ट्रॉलीचा ब्रेक लागतो. जोर भरपूर मिळतो. ट्रॅक्टरला असा व्हॉल्व्ह बसतो का, हे आधी कंपनीच्या विक्रेत्याकडून पक्कं करावं. यातला धोका असा, की नळी सुटली किंवा फुटली तर ब्रेक जातो. एंजिन बंद पडलं तर तेलाचा दाबही मिळत नाही. म्हणून सुटल्यावर आपोआप लागणारी सोय सोबत मागून घ्यावी आणि नळ्या दर हंगामाला तपासाव्यात.

हवेचा ब्रेक : मालट्रकला असतो तोच प्रकार. ट्रॅक्टरवर हवा भरणारा कॉम्प्रेसर आणि टाकी, आणि ट्रॉलीवर दुसरी टाकी. दोन नळ्यांच्या पद्धतीत लाल नळी ट्रॉलीच्या टाकीत हवा भरते आणि पिवळी नळी ब्रेकचा हुकूम पोचवते. लाल नळी तुटली की ट्रॉलीचे ब्रेक आपोआप लागतात. दोन भरलेल्या ट्रॉल्यांना हा प्रकार सर्वांत योग्य. खर्च जास्त आहे आणि निगाही आहे. टाकीत साठणारं पाणी रोज सोडावं आणि हवेचा दाब भरल्याशिवाय ट्रॅक्टर हलवू नये.

हातब्रेक : वरीलपैकी कोणताही ब्रेक असला तरी उभ्या ट्रॉलीसाठी वेगळा हातब्रेक हवा. हातब्रेक लावला तरी चाकाला उटी लावण्याची सवय सोडू नये. उटी लाकडाची, पाचरीच्या आकाराची असावी. वाटेवर सापडलेला दगड लावून तो तसाच रस्त्यात सोडून जाऊ नये. रात्री मोटरसायकलवाला त्यावर आदळतो.

अमेरिकेत लोक मोटारीमागे छोटी राहती गाडी जोडून सहलीला जातात. त्या गाड्यांना विजेचे ब्रेक असतात आणि चालकाजवळ एक लहान नियंत्रक असतो. साधा नियंत्रक ठरलेल्या वेळात ब्रेकचा जोर वाढवत नेतो. चांगला नियंत्रक मोटार किती झपाट्यानं मंदावते हे ओळखतो आणि त्याच प्रमाणात मागच्या गाडीला ब्रेक लावतो. जोड तुटून गाडी सुटली, तर तिच्यावरची छोटी बॅटरी ब्रेक लावते. आपल्या ट्रॉलीला ही यंत्रणा लागणार नाही, पण तिच्यातल्या दोन गोष्टी आपण मागाव्यात. पायाच्या जोराप्रमाणे मागचा ब्रेक लागावा, आणि ट्रॉली सुटली तर तो आपोआप लागावा.

ब्रेक जुळवून घेणे

नवा ब्रेक बसवला म्हणजे काम संपलं असं नाही. तो ट्रॅक्टरशी जुळवावा लागतो. ट्रॉलीचा ब्रेक ट्रॅक्टरपेक्षा किंचित आधी लागावा, म्हणजे जोडी मागून ताणलेली आणि सरळ राहते. उलट ट्रॅक्टर आधी थांबला आणि ट्रॉली रेटत आली, तर जोडी कात्रीसारखी दुमडते आणि ट्रॅक्टर आडवा होतो.

जुळवणी मोकळ्या, सपाट रस्त्यावर करावी. ट्रॉली भरून ताशी ८-१० किलोमीटरनं चालवावी आणि ब्रेक दाबावा. मागून रेटा जाणवला तर ट्रॉलीचा ब्रेक वाढवावा. मागे हिसका बसला किंवा चाकं जागीच घासली, तर कमी करावा. थोडं अंतर चालवून चाकांच्या ड्रमांजवळ हात नेऊन पाहावं. एक गरम आणि दुसरा थंड असेल, तर एकाच बाजूचा ब्रेक लागतो आहे असं समजावं. रिकाम्या ट्रॉलीला तोच ब्रेक जास्त पडतो, म्हणून कारखान्यातून परत येताना पेडल हलकं वापरावं.

रस्त्यावर येण्याआधी ट्रॅक्टरची दोन ब्रेक पेडलं कडीनं एकत्र जोडावीत. शेतात वळण्यासाठी ती सुटी ठेवतो, आणि पाणंदीतून रस्त्याला लागताना विसरतो. एकच पेडल दाबलं गेलं, तर ट्रॅक्टर एका बाजूला वळतो आणि मागची ट्रॉली त्याला उलटवते.

उतार लागण्याआधीच गिअर खाली घ्यावा. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरावं. मध्येच गिअर बदलू नये, क्लच दाबू नये, आणि डिझेल वाचवायला न्यूट्रल तर कधीच करू नये.

ट्रॉलीवर माणसं नकोत

मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून, ऊस तोडणीची माणसं दरवर्षी बायकापोरांसह आपल्या भागात येतात. फडाकडे जाता-येता ती ट्रॉलीवर बसतात, पोरं दांडीवर पाय ठेवतात, कुणी भरलेल्या उसावर झोपतं. हिसका बसला की माणूस दांडीवरून थेट चाकाखाली जातो. मुकादमाशी बोलून त्यांच्या ये-जा करण्याची वेगळी सोय करावी. ऊस आपला आहे, तो आणणारी माणसंही आपल्या जबाबदारीवर आहेत.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे ट्रॉलीचीही नोंदणी लागते आणि ट्रॉलीच्या मागच्या बाजूस ट्रॅक्टरचा नंबर दिसला पाहिजे. नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या वजनापेक्षा जास्त भरणं गुन्हा आहे. विम्यात ट्रॉलीचा समावेश आहे का, तेही पाहून घ्यावं. वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात, म्हणून खेपेला दोन टन जादा टाकावेत असं वाटतं. पण वरचा हिशेब पाहा. ते दोन टन थांबवण्यासाठी जादा ब्रेक कुणी दिलेला नसतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न : ट्रॅक्टरला तेलात बुडालेले ब्रेक आहेत. मग ट्रॉलीला कशाला?
उत्तर : ते ब्रेक चांगले आहेत, लवकर तापत नाहीत. पण चाक जागेवर धरलं तरी टायर घसरतोच. अडचण ब्रेकची नाही, टायरावरच्या वजनाची आहे.

प्रश्न : या हंगामात एकाच ट्रॉलीला ब्रेक बसवता येईल. कुठली ट्रॉली पुढे जोडू?
उत्तर : ब्रेक असलेली ट्रॉली मागे जोडावी, म्हणजे जोडी ताणलेली राहते. मात्र ट्रॉल्या कमी भराव्यात आणि उताराची वाट टाळावी. उतार टळत नसेल, तर एकेक ट्रॉली न्यावी.

प्रश्न : मळीच्या रानात ट्रॉली रुतली तर?
उत्तर : आधी ऊस उतरवावा. दुसरा ट्रॅक्टर लावायचा तर साखळी खालच्या ड्रॉबारलाच अडकवावी. हिसके न देता हळू ओढावं, आणि साखळीच्या आसपास कुणी उभं राहू नये. तुटलेली साखळी माणसाचा जीव घेते.

रोज निघण्याआधी पाहा

१. पिन, खिट्टी आणि दोन्ही जोडांच्या सुरक्षा साखळ्या जागेवर आहेत.
२. हूक ॲक्सलच्या खाली आहे आणि त्याचे बोल्ट घट्ट आहेत.
३. दोन्ही ब्रेक पेडलं कडीनं जोडलेली आहेत.
४. ट्रॉलीचा ब्रेक अंगणातच एकदा लावून पाहिला आहे.
५. नळ्या गळत नाहीत, हवेच्या टाकीतलं पाणी सोडलं आहे.
६. दोन लाकडी उट्या ट्रॉलीवर आहेत.
७. मागे लाल रिफ्लेक्टर स्वच्छ आहेत, उसाच्या पाचटानं झाकलेले नाहीत.
८. दांडीवर किंवा उसावर कुणी बसलेलं नाही.

हे पाहायला पाच मिनिटं लागतात. हे पत्रक चालकालाही वाचून दाखवावं आणि ट्रॅक्टरच्या कागदपत्रांबरोबर ठेवावं. ट्रॉली नवी करायला टाकणार असाल, तर हूक आणि ब्रेकची जागा आधी ठरवून, कागदावर लिहून वर्कशॉपवाल्याच्या हातात द्यावी. पत्रा कापल्यावर ब्रेक बसवणं अवघड जातं आणि महागही पडतं.